नाना फोनला विचारून कांदा विकतात, मी काय करू?

ताई,

माझं माहेर निफाड तालुक्यातलं, सासर नाशिकला सिडकोत. वर्षापूर्वी दादाने नानांना नवा फोन घेऊन दिला आणि त्यातला एआय चॅटबॉट वापरायला शिकवलं. मराठीत विचारलं की मराठीत उत्तर येतं, म्हणून नाना खूश. त्यांनी पेपर बंद केला. बातम्या, राजकारण, कांद्याचा भाव, सगळं आता त्यालाच विचारतात. गेल्या पावसाळ्यात कांदाचाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या शेडमध्ये, उन्हाळ कांदा होता. फोनने सांगितलं, निर्यातीवर वीस टक्के शुल्क आहे, भाव चढायची शक्यता कमी. नानांनी निम्मी चाळ मोकळी केली. नंतर दादा म्हणाला, "शुल्क तर केव्हाच उठलंय." तेव्हा दोघांचं जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही. इकडे सासरी तपोवनातल्या झाडांवरून ह्यांच्यात आणि भाऊजींमध्ये वाद चाललेला असतो. दोघंही फोन पुढे करतात, आणि दोघांच्याही फोनने त्यांचंच बरोबर म्हटलेलं असतं. आई म्हणते, आता कशावरच विश्वास ठेवायचा नाही, सगळं बनावट. मी मधल्यामध्ये अडकले आहे. विश्वास ठेवायचा तरी कुणावर?

– निफाडची लेक, नाशिक

प्रिय लेकी,

आधी नानांची बाजू घेते, कारण तुझ्या पत्रात ती कुणीच घेतलेली नाही. दिल्लीत काय निर्णय झाला, इंग्रजी परिपत्रकात काय लिहिलंय, हे समजून घ्यायला ज्या माणसाला आयुष्यभर कुणाच्या तरी दारात जावं लागलं, त्याला आता कुणीतरी न कंटाळता, न हिणवता, त्याच्या भाषेत उत्तर देतंय. तेच तेच विचारलं तरी "सांगितलं ना एकदा" असं ऐकून घ्यावं लागत नाही. अशा बोलण्यावर कुणाचाही विश्वास बसेल, त्यात नानांचा भोळेपणा नाही. पण माणसाच्या बोलण्यावरून त्याचा खरेपणा ताडायची आपली जुनी सवय इथे उपयोगी पडत नाही. हे यंत्र माहीत असलेलं आणि माहीत नसलेलं एकाच ठाम, नम्र सुरात सांगतं.

आता त्या वीस टक्क्यांचं बघू. हे उत्तर कुठून आलं असेल ते कळलं तर बापलेकांच्या भांडणातला जोर बराच कमी होईल. १९ ऑगस्ट २०२३ ला केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावलं आणि आपल्या जिल्ह्यातल्या बाजार समित्यांमध्ये लिलाव बंद पडले, ते तुला आठवत असेल. ऑक्टोबरात किमान निर्यातमूल्य, म्हणजे ज्याच्या खाली कांदा परदेशी विकता येत नाही तो दर, टनाला ८०० डॉलर ठरलं. ८ डिसेंबर २०२३ पासून सरळ निर्यातबंदी. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण टनाला ५५० डॉलरचं किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क लागू झालं. १३ सप्टेंबर २०२४ ला किमान मूल्य काढलं आणि शुल्क २० टक्क्यांवर आणलं. १ एप्रिल २०२५ पासून तेही गेलं.

म्हणजे दोन वर्षं भरायच्या आत सहा वेळा नियम बदलला. प्रत्येक वेळी ढीगभर बातम्या, लेख, निवेदनं, आंदोलनं झाली. यातलं बहुतेक लिखाण बंदी किंवा शुल्क चालू असतानाच्या काळातलं आहे. शुल्क उठलं की दोन दिवस बातमी येते आणि मग लोक त्यावर लिहायचे थांबतात, कारण तक्रारच उरत नाही. चॅटबॉट शिकतो तो अशा साठलेल्या लिखाणावर. त्याचं हे शिक्षण एका ठरावीक तारखेला थांबतं. पुढचं हवं असेल तर त्याला इंटरनेटवर शोधावं लागतं. कधी तो शोधतो, कधी न शोधताच बोलतो. शोधलं तरी हाती लागलेली बातमी कोणत्या वर्षाची आहे हे दर वेळी नीट बघत नाही. नानांना मिळालेलं वाक्य सप्टेंबर २०२४ ते मार्च २०२५ या काळात पूर्ण खरं होतं. नानांच्या फोनवर ते पोहोचलं तेव्हा त्याची तारीख सोबत आली नाही.

दादाला एक सांग. कांदा काढला ते चुकलंच, असं धरून बोलू नको म्हणावं. पावसाळ्यात चाळीतला माल सडतो, कोंब धरतो, वजन घटतं. वेळेत काढून मोकळं होणं अनेकदा शहाणपणाचंच असतं. भाव एकट्या शुल्कावर ठरत नाही हे नानांना दादापेक्षा जास्त कळतं. चुकली ती निर्णयामागची एक माहिती, नानांची अक्कल नव्हे. आणि फोन हातात देताना "हा काय सांगू शकतो" एवढंच दादाने शिकवलं. "हा कुठे चुकतो" हेही सांगायचं होतं, ते राहून गेलं.

भावाच्या आकड्याबाबत नानांनी याहून सावध राहायला हवं. लासलगावच्या लिलावानंतर क्विंटलमागे तीन आकडे जाहीर होतात: कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सरासरी. जास्तीत जास्त भाव एखाददुसऱ्या ट्रॅक्टरच्या नशिबी असतो. घरचा हिशेब करायचा तो सरासरीवर, हे नानांना मी सांगायला नको. पण फोनने एकच आकडा सांगितला तर तो तिन्हींपैकी कोणता, लाल कांद्याचा की उन्हाळ कांद्याचा, लासलगावचा की विंचूरचा, आजचा की गेल्या सोमवारचा, हे त्यांनी विचारायलाच हवं. चॅटबॉटचा कुणीही माणूस बाजार आवारात उभा नसतो. तिथे असतो समितीचा कर्मचारी, आडत्या आणि वर्तमानपत्राचा तालुका वार्ताहर. चॅटबॉट जे काही सांगतो ते यांनीच कधीतरी टिपून ठेवलेलं असतं.

विश्वास कुणावर, असं तू विचारतेस. माझ्यापुरतं उत्तर मी देते. चूक झाली तर जाब विचारता येईल असा माणूस ज्याच्यामागे उभा आहे, त्याच्यावर. कोणताही पेपर उलटून बघ, कुठेतरी तळाशी बारीक अक्षरात संपादक, मुद्रक आणि प्रकाशकाची नावं, पत्ता असतो. ती शोभेसाठी नसतात, कायद्याने छापावी लागतात. उद्या बातमी चुकली तर पत्र पाठवता येतं, नोटीस देता येते, खुलासा छापायला लावता येतो. पेपर चुकत नाहीत असं मी अजिबात म्हणत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये "कांदा निर्यातबंदी उठली" अशा बातम्या आल्याच होत्या, आणि दोनच दिवसांत केंद्राने सांगितलं की बंदी ३१ मार्चपर्यंत कायम आहे. पण ती दुरुस्तीसुद्धा छापून आली, तारखेसह, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. नानांच्या फोनमधली चूक एकट्या नानांना दिसली. दुसऱ्या दिवशी कुणी येऊन "काल आम्ही चुकलो" असं सांगितलं नाही, आणि शेजारच्या वस्तीवरच्या शेतकऱ्याला त्याच प्रश्नावर कदाचित निराळंच उत्तर मिळालं असेल.

नानांनाच असा अनुभव आला असंही समजू नकोस. ऑक्टोबर २०२५ मध्ये युरोपातल्या सार्वजनिक प्रसारण संस्थांच्या संघटनेने बीबीसीबरोबर एक मोठी तपासणी जाहीर केली. १८ देशांतल्या २२ संस्थांच्या पत्रकारांनी चॅटजीपीटी, कोपायलट, जेमिनाय आणि पर्प्लेक्सिटी यांना बातम्यांवरचे प्रश्न विचारले आणि तीन हजारांहून अधिक उत्तरं तपासली. ४५ टक्के उत्तरांत निदान एक तरी गंभीर दोष निघाला. ३१ टक्के उत्तरांत बातमी कुणाची आहे याबाबतच मोठा घोळ होता: स्रोत दिलेला नाही, चुकीचा दिलाय, किंवा दिलेल्या दुव्यात ते वाक्यच नाही. २० टक्के उत्तरांत माहितीच मोठ्या प्रमाणात चुकलेली किंवा जुनी होती. ही तपासणी १४ भाषांत झाली. मराठी त्यात नाही. ज्या भाषांत इंटरनेटवर अफाट लिखाण आहे तिथे ही अवस्था, तर निफाडच्या बातमीबद्दल मराठीत विचारल्यावर किती भरवसा धरायचा याचा अंदाज तूच कर.

आता तुझ्या सासरची गोष्ट. मला ती कांद्यापेक्षाही जास्त काळजीची वाटते, कारण तिथे कुणालाच चूक दिसत नाही. सिंहस्थ कुंभमेळ्यात साधूंच्या मुक्कामासाठी साधुग्राम उभारायचं म्हणून तपोवनातली झाडं तोडण्याचा विषय २०२५ च्या अखेरीस पेटला आणि नाशिकमधल्या घराघरांत दोन तट पडले. तुझ्या घरचे दोन्ही फोन दोघांना बरोबर कसे ठरवतात, हे बघायचं असेल तर त्यांनी नेमकं काय विचारलं ते वाचायला माग. माझी खात्री आहे, एकाने विचारलं असेल, "लाखो भाविक येणार, साधूंच्या सोयीसाठी जागा तर लागणारच ना?" आणि दुसऱ्याने, "तपोवनाची ओळख असलेली जुनी झाडं तोडणं चुकीचं नाही का?" उत्तर प्रश्नातच बसलेलं आहे. ही यंत्रं घडवताना माणसांना कोणतं उत्तर आवडलं याचाही विचार केला जातो, आणि माणसाला आपल्या बाजूने बोललेलं आवडतं. एप्रिल २०२५ मध्ये तर ओपनएआयला चॅटजीपीटीचा एक सुधारित अवतार मागे घ्यावा लागला, कारण तो लोकांची फारच हांजी हांजी करायला लागला होता.

यात दोन भावांचं नुकसान काय होतंय ते बघ. पूर्वी वाद व्हायचा तेव्हा एकाचं म्हणणं दुसऱ्याच्या कानावर तरी पडायचं. आता दोघंही आपापल्या खोलीत जाऊन आपल्या मताला बळ घेऊन येतात, आणि समोरचा मूर्ख आहे याची प्रत्येकाला खात्री पटलेली असते. मत बदलायची ताकद या यंत्रात खरोखर आहे. डिसेंबर २०२५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात ब्रिटनमधल्या सुमारे ७७ हजार लोकांवरचा एक अभ्यास आला. राजकीय प्रश्नांवर चॅटबॉटशी बोलल्यावर लोकांची मतं हलली. सगळ्यात जास्त हलली ती कधी, तर चॅटबॉटने भराभर माहिती आणि दावे पुढे मांडले तेव्हा. आणि तो जितका जास्त पटवणारा झाला, तितकं त्याचं बोलणं कमी अचूक झालं. आकड्यांचा मारा झाला की आपण गप्प होतो, ही माणसाची जुनीच खोड आहे. तिचा फायदा घेणारं साधन आता प्रत्येकाच्या खिशात आहे.

चांगली बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी नानांवर अन्याय करीन. २०२४ मध्ये त्याच नियतकालिकात आलेल्या दुसऱ्या एका अभ्यासात कटकारस्थानांवर विश्वास असलेल्या लोकांशी चॅटबॉटने शांतपणे, पुरावे देत संवाद केला. त्यांचा तो विश्वास सरासरी २० टक्क्यांनी कमी झाला आणि दोन महिन्यांनंतरही तो परिणाम टिकून होता. म्हणून ह्यांना आणि भाऊजींना फोन बाजूला ठेवा असं मी म्हणणार नाही. दोघांनी एकदा समोरासमोर बसून एकमेकांच्या फोनवर उलटा प्रश्न टाकावा: "माझ्या विरुद्ध बाजूचं सगळ्यात भक्कम म्हणणं काय आहे, आणि ते कुणी, कुठे मांडलंय?" मग महापालिकेची मूळ नोटीस वाचावी, हरकती घेणाऱ्यांचं निवेदन वाचावं, आणि एका रविवारी दोघांनी मिळून तपोवनात जाऊन यावं. सिडकोपासून ते काही लांब नाही. स्वतः बघून आल्यावरही मतं वेगळी राहिली तर राहू देत. तो वाद निदान दोन माणसांचा असेल.

तुझ्या आईबद्दल मात्र मी गप्प बसू शकत नाही. "सगळंच बनावट" हे ऐकायला सावधपणाचं वाटतं, पण यातून सगळ्यात जास्त फावतं ते खोटं बोलणाऱ्याचं. खरा व्हिडिओ समोर आला तरी तो "एआयने बनवलाय" म्हणून उडवून लावतो, आणि कशावरच विश्वास नसलेली माणसं मान डोलावतात. आईचा हा अविश्वास हवेतून आलेला नाही, हेही मला कबूल आहे. १ जुलै २०१८ ला आपल्या शेजारी, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध भटक्या माणसांना ठेचून मारलं. त्यानंतर आपल्याकडच्या बायाबापड्यासुद्धा व्हॉट्सअॅपवरच्या फॉरवर्डकडे संशयाने बघायला शिकल्या. पण फॉरवर्ड निदान ओळखू येतो, वर तसा शिक्का असतो, भाषा भडक असते, उद्गारचिन्हांची रांग असते. चॅटबॉटचं चुकलेलं उत्तर शुद्ध, सौम्य मराठीत येतं, त्यामुळे जुनी हुशारी तिथे चालत नाही. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्ष चालू असताना ग्रोक या चॅटबॉटने सुदानमधल्या खार्टूम विमानतळाचा जुना व्हिडिओ पाकिस्तानच्या नूर खान हवाई तळावरच्या हल्ल्याचा म्हणून सांगितला होता. लोक त्याला विचारत होते ते खरं-खोटं तपासायलाच. अशा वेळी आईसारखं माणूस थकतं आणि सगळ्याच बातम्यांवर पाणी सोडतं. त्यात ज्या वार्ताहराने खरी बातमी दिलेली असते त्याचंही नाव खराब होतं, कारण चुकीचा सारांश यंत्राने केलेला असला तरी लोक दोष मूळ बातमीलाही देतात.

आईचा विश्वास परत आणायला मोठमोठ्या बातम्यांपासून सुरुवात करू नकोस. तिला डोळ्यांनी पडताळता येईल अशी बातमी घे. पावसाळ्यात पेपरात छापून येतं की गंगापूर धरणातून इतके क्युसेक पाणी सोडलं, नांदूरमध्यमेश्वरमधून इतका विसर्ग सुरू आहे. नांदूरमध्यमेश्वर तुमच्याच तालुक्यात आहे. गोदावरीला पाणी किती आलंय ते नाशिककर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघून सांगतात, निफाडकडची माणसं बंधाऱ्याकडे बघून. बातमी खरी निघते की नाही हे आईने स्वतः ताडावं. कोणता पेपर, कोणता वार्ताहर वारंवार खरा निघतो ते तिच्या आपोआप लक्षात येईल. बंद केलेला पेपर तू तुझ्या नावाने परत सुरू करून दे. 'देशदूत' असो, 'गावकरी' असो की आणखी कोणता, तालुक्याचं पान नीट चालवणारा हवा.

आणि हे सगळं आताच करायला हवं, कारण सिंहस्थ तोंडावर आहे. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण, २ ऑगस्ट २०२७ ला पहिलं अमृतस्नान. तेव्हा कोणता रस्ता बंद, कोणत्या घाटावर सोडतायत, गर्दी कुठे तुंबली, हे हजारो लोक फोनला विचारणार आहेत. २००३ च्या सिंहस्थात चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले. त्या काळात घरातल्या कुणीही वाटेचा निर्णय चॅटबॉटच्या उत्तरावर घेऊ नये, पोलीस आणि प्रशासन जे जाहीर करतील तेच धरावं, एवढं आत्ताच घरात बोलून ठेव.

नानांचा फोन राहू दे. इंग्रजी अधिसूचना मराठीत समजावून घ्यायला, "किमान निर्यातमूल्य म्हणजे काय" असले प्रश्न विचारायला तो उत्तम आहे. मूळ कागद समोर असला की चूक पकडताही येते. आजचा भाव मात्र बाजार समितीकडून किंवा आडत्याला फोन करूनच घ्यावा. सरकारी निर्णयाबद्दल विचारताना तीन गोष्टी त्यांच्याकडून घोकून घे: निर्णय कुणाचा, कोणत्या तारखेचा, आणि दुवा कुठे. दुवा आला की तो उघडायचा आणि वरची तारीख वाचायची. दुवा आला नाही, तर त्या उत्तरावर चाळीला हात लावायचा नाही.

हे शिकवायचं काम दादाला दे, तू करू नकोस. येत्या शनिवार-रविवारी त्याला निफाडला बोलव, बापलेकांना एका फोनसमोर बसव आणि पहिला प्रश्न नानांकडूनच टाइप करून घे: "कांद्यावर आज किती निर्यातशुल्क आहे, आणि ते कोणत्या तारखेच्या अधिसूचनेनुसार?"